दात्याच्या रक्तातला संसर्ग शोधताना : नमुन्याच्या नळीपासून पिशवी सोडण्यापर्यंत

शिवजयंतीला किंवा गणेशोत्सवात एखाद्या मंडळाचं मोठं शिबिर झालं की रक्तपेढीत एका संध्याकाळी तीनशे पिशव्या येऊन पडतात. त्या लगेच कुणाला देता येत नाहीत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांप्रमाणे आपल्या देशात प्रत्येक पिशवीची पाच संसर्गांसाठी तपासणी व्हावीच लागते : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. एचआयव्हीची तपासणी १९८९ मध्ये सक्तीची झाली, हिपॅटायटिस सीची त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००१ मध्ये. पाचही निकाल हाती येईपर्यंत पिशवी वेगळ्या, ‘तपासणी बाकी’ अशी पाटी लावलेल्या फ्रिजमध्ये राहते. वेगळा म्हणजे खरोखर वेगळा फ्रिज. एकाच फ्रिजचा खालचा कप्पा या कामाला चालत नाही, कारण रात्री अडीच वाजता घाईत हात चुकीच्या कप्प्यात जातो.

डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, करून नुकतेच या कामाला लागलेल्यांसाठी हे मुख्यतः लिहिलं आहे. पण ज्यांच्या हातात ‘रिअॅक्टिव्ह’ (म्हणजे चाचणीत संसर्गाची खूण दिसली) असा शब्द असलेला कागद पडला आहे, त्यांनीही ‘रिअॅक्टिव्ह म्हणजे आजार नव्हे’ हा भाग जरूर वाचावा.

चूक नळीतच सुरू होते

किट चांगलं, यंत्र चांगलं, तरी निकाल चुकतो, तेव्हा कारण बहुतेक वेळा नमुन्यात किंवा नंबरात सापडतं. दात्याचा नंबर एकच असतो आणि तो फॉर्मवर, मुख्य पिशवीवर, घटकांच्या छोट्या पिशव्यांवर आणि प्रत्येक नळीवर लावायचा असतो. ही चिकटपट्टी दाता खाटेवर असतानाच लावायची. नळ्या आधी भरून ‘नंतर सगळ्यांना एकदम नंबर लावू’ असं केलं की दोन दात्यांची अदलाबदल होते, आणि ती पुढे कुठलंच यंत्र पकडू शकत नाही.

एलायझा (एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी यांसाठीची रंगाची चाचणी) आणि आरपीआर (सिफिलिसची चाचणी) यांसाठी लाल झाकणाची साधी नळी, रक्तगट आणि मलेरियासाठी जांभळ्या झाकणाची, रक्त गोठू न देणारी ईडीटीए नळी. साध्या नळीतलं रक्त उभं ठेवून किमान अर्धा तास गोठू द्यावं, थंडीत आणखी थोडा वेळ. मग सेंट्रिफ्यूज करून सीरम, म्हणजे वरचा पिवळसर द्रव, वेगळं करावं. पूर्ण न गोठलेल्या सीरममध्ये नंतर फायब्रिनचे बारीक धागे तयार होतात. ते पिपेटच्या टिपेत अडकले तर नमुना कमी पडतो, आणि वेलमध्ये (चाचणीच्या प्लेटवरच्या छोट्या खळग्यात) गेले तर धुतल्यावरही चिकटून राहून खोटा रंग देतात. शिबिरातून येताना नळ्या थंड पेटीत असाव्यात, पण बर्फाला टेकलेल्या नसाव्यात. गोठून फुटलेल्या पेशींमुळे सीरम लालसर होतं, आणि असा नमुना एलायझासाठी निकामी समजावा. काही दिवस २ ते ८ अंश सेल्सिअसला सीरम चांगलं राहतं. त्याहून जास्त ठेवायचं तर उणे २० अंशांना, आणि तेही छोट्या भागांत वाटून, म्हणजे तीच नळी पुन्हा पुन्हा वितळवावी लागत नाही.

प्लेट लावण्याआधीचा अर्धा तास

किट फ्रिजमधून काढून किमान ३० मिनिटं बाहेर ठेवा. वेलच्या पट्ट्यांची चांदीची पाकिटं खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर थंड पट्टीवर हवेतली वाफ जमते आणि लेप खराब होतो. पावसाळ्यात कोकणात हा त्रास जास्त. उरलेल्या पट्ट्या आतल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट पुन्हा घट्ट बंद करायच्या. एका लॉटचं (एकाच वेळी बनलेल्या मालाचं) कंजुगेट, म्हणजे एन्झाइम जोडलेलं द्रावण, दुसऱ्या लॉटच्या पट्टीला कधीही वापरायचं नाही, दोन्ही एकाच कंपनीचे असले तरी.

वॉश बफर, म्हणजे वेल धुण्याचं द्रावण, बहुधा २० पट किंवा २५ पट तीव्र येतं. २० पट असेल तर २५ मिली बफर ४७५ मिली डिस्टिल्ड पाण्यात. बाटलीत खडे दिसले तर ३७ अंशांना गरम करून ते विरघळवा आणि मगच मोजा, कारण खडे तळाशी राहिले की वरचं बफर पातळ होतं. लागणारा साठा आधी मोजून ठेवावा : ९६ वेल, प्रत्येकात ३५० मायक्रोलिटर, म्हणजे एका फेरीला साधारण ३४ मिली. पाच फेऱ्यांना १६८ मिली, आणि धुणं दोनदा, म्हणून ३३६ मिली. नळ्या भरायला लागणारं धरून एका प्लेटला अर्धा लिटर. कंट्रोल (निकाल आधीच माहीत असलेले नमुने) वगळता एका प्लेटमध्ये साधारण नव्वद दाते बसतात. तीनशे पिशव्यांसाठी एका आजाराच्या चार, तीन आजारांच्या बारा प्लेट, आणि सहा लिटर बफर. मध्येच बफर संपून कुणी साधं पाणी घातलं तर त्या दिवसाचं काम वाया जातं.

एचआयव्हीची प्लेट, पायरीपायरीने

इथे तिसऱ्या पिढीचं सँडविच पद्धतीचं किट धरलं आहे. वेलच्या तळाला विषाणूचं अँटिजेन चिकटवलेलं असतं. दात्याच्या सीरममध्ये अँटिबॉडी (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेलं प्रथिन) असेल तर ती तिथे अडकते, आणि तिच्यावर एन्झाइम जोडलेलं दुसरं अँटिजेन येऊन बसतं. चौथ्या पिढीचं किट याशिवाय विषाणूचं पी २४ अँटिजेनही शोधतं. वेळ आणि मात्रा किटप्रमाणे बदलतात. किटची पुस्तिका वेगळं सांगत असेल तर तिचंच ऐकायचं.

१. वर्कशीटवर ए १ पासून प्रत्येक वेलचा नंबर लिहा. ब्लँक (नमुना नसलेली वेल), निगेटिव्ह कंट्रोल, पॉझिटिव्ह कंट्रोल, आपला अंतर्गत कंट्रोल आणि मग दाते.

२. प्रत्येकी १०० मायक्रोलिटर कंट्रोल आणि नमुने घाला. प्रत्येक नमुन्याला नवी टिप. टिप सीरममध्ये दोन-तीन मिलिमीटरच बुडवा आणि काढल्यावर तिच्यातली पातळी डोळ्यांनी बघा. पूर्ण प्लेट दहा-पंधरा मिनिटांत भरली पाहिजे, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या नमुन्याला मिळणारा वेळ वेगळा होतो.

३. चिकट कागदाने झाकून ३७ अंशांना ३० मिनिटं. इन्क्युबेटरमध्ये प्लेटवर प्लेट रचू नका, मधली प्लेट उशिरा तापते.

४. धुवा, पाच ते सहा फेऱ्या.

५. ब्लँक सोडून सगळीकडे १०० मायक्रोलिटर कंजुगेट. पुन्हा झाकून ३७ अंशांना ३० मिनिटं.

६. पुन्हा धुवा.

७. १०० मायक्रोलिटर टीएमबी सबस्ट्रेट (एन्झाइममुळे रंगणारं द्रावण), खोलीच्या तापमानाला, अंधारात ३० मिनिटं. अँटिबॉडी असलेल्या वेल निळ्या होतात.

८. सल्फ्युरिक आम्लाचं स्टॉप द्रावण, सबस्ट्रेट ज्या क्रमाने घातला त्याच क्रमाने. निळा रंग पिवळा होतो.

९. प्लेटचा तळ पुसून ४५० नॅनोमीटरला, ६३० चा संदर्भ धरून, अर्ध्या तासाच्या आत वाचा.

हिपॅटायटिस बीची प्लेट याच चालीची, फक्त तिथे वेलला अँटिबॉडी चिकटवलेली असते आणि शोध विषाणूच्या पृष्ठभागावरच्या अँटिजेनचा, एचबीएसएजीचा असतो. हिपॅटायटिस सीच्या बऱ्याच किटमध्ये मात्र १०० मायक्रोलिटर डायल्यूएंटमध्ये (नमुना पातळ करणाऱ्या द्रावणात) फक्त १० मायक्रोलिटर सीरम जातं. वेल आधीच भरलेली असल्याने नमुना घालायचा राहिला तरी कळत नाही. नमुना पडल्यावर रंग बदलणारं डायल्यूएंट असलेलं किट मिळत असेल तर तेच घ्यावं. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

धुणं

एलायझाच्या चुकांमधला सगळ्यात मोठा वाटा धुण्याचा. वेलमध्ये चिकटून न बसलेलं कंजुगेट थेंबभर जरी राहिलं तरी ते सबस्ट्रेटला रंग देतं आणि निरोगी दाता रिअॅक्टिव्ह दिसतो. उलट, वॉशरची सुई वेलच्या तळाला घासली तर अडकलेली अँटिबॉडीही खरवडून जाते, आणि ही चूक जास्त घातक, कारण ती दिसतच नाही.

प्रत्येक फेरीत ३५० मायक्रोलिटर म्हणजे वेल काठापर्यंत भरते, पण शेजारच्या वेलमध्ये सांडत नाही. भरल्यावर ३० सेकंद थांबा. हा थांबा काढून टाकून फेऱ्या वाढवल्या तर फायदा होत नाही, बफरला भिंतीवरचं कंजुगेट सोडवायला वेळ लागतो. शेवटच्या फेरीनंतर प्लेट उलटी करून टिपकागदावर जोरात आपटा. कागद प्रत्येक वेळी नवा. प्लेट लगेच पुढच्या पायरीला घ्या, वेल कोरड्या पडू देऊ नका. वॉशरच्या आठ किंवा बारा सुयांपैकी एखादी बुजली तर एक आख्खी ओळ किंवा स्तंभ एकसारखा रंगतो. तसा पट्टा दिसला की दात्यांवर संशय घेण्याआधी सुई बघा. रोज काम संपल्यावर वॉशरमधून डिस्टिल्ड पाणी फिरवलं नाही तर मिठाचे खडे सुयांत साचतात, म्हणून ते न चुकता करायचं.

वॉश बफर टिकावं म्हणून त्यात सोडियम अझाइड घालण्याचा मोह टाळावा. ते पेरॉक्सिडेज एन्झाइमला मारतं आणि सगळी प्लेट पांढरी राहते.

आकडे वाचताना

समजा, किटचा नियम आहे की निगेटिव्ह कंट्रोलच्या सरासरीत ०.२०० मिळवले की कट-ऑफ, म्हणजे रिअॅक्टिव्ह ठरण्याची सीमा. सरासरी ०.०६० आली, तर कट-ऑफ ०.२६०. एका दात्याची ओडी (यंत्राने मोजलेली रंगाची गडदता) ०.२८६ असेल, तर गुणोत्तर १.१०, म्हणजे रिअॅक्टिव्ह. कट-ऑफच्या दहा टक्के खालचा पट्टा, इथे ०.२३४ ते ०.२६०, हा संशयाचा. त्यातले नमुने पुन्हा लावावेत आणि तोवर पिशवी सोडू नये. पण हे सगळं करण्याआधी कंट्रोल आपापल्या मर्यादेत आहेत ना, ते पाहायचं. एक कंट्रोल जरी बाहेर गेला तरी ती प्लेट रद्द. ‘बाकी सगळं ठीक दिसतंय’ म्हणून निकाल उचलायचे नाहीत.

किटसोबत येणारा पॉझिटिव्ह कंट्रोल इतका जोरकस असतो की किट अर्धं कमजोर झालं तरी तो पॉझिटिव्हच येतो. म्हणून रिअॅक्टिव्ह सीरम पातळ करून, गुणोत्तर २ च्या आसपास येईल असा आपला अंतर्गत कंट्रोल तयार करावा, छोट्या भागांत गोठवून ठेवावा आणि प्रत्येक प्लेटमध्ये लावावा. त्याचे आकडे लेव्ही-जेनिंग्ज तक्त्यावर मांडले की सरासरीपासून हळूहळू घसरणारी रेष दिसते. फ्रिज रात्री बंद पडतो का, पिपेट कमी उचलते का, हे ही रेष आठवडाभर आधी सांगते.

सगळी प्लेट रंगली तर धुणं कमी पडलं किंवा सबस्ट्रेट दूषित झाला. बाटलीतला टीएमबी वापरण्याआधीच निळसर असेल तर तो फेकायचा. कडेच्या वेल जास्त रंगल्या आणि मधल्या कमी, तर प्लेट थंड असतानाच इन्क्युबेटरमध्ये गेली. जोरदार रिअॅक्टिव्ह वेलच्या शेजारची वेल थोडीशी रिअॅक्टिव्ह असेल तर थेंब उडाल्याची शंका घेऊन दोन्ही नमुने मूळ नळीतून पुन्हा लावा. एचबीएसएजीच्या काही एकाच पायरीच्या किटमध्ये अँटिजेन प्रचंड असेल तर रंग उलट कमी येतो. याला हुक इफेक्ट म्हणतात. नमुना पातळ करून लावल्यावर रंग वाढला की तो उघड होतो.

रिअॅक्टिव्ह म्हणजे आजार नव्हे

दात्याची चाचणी आणि रुग्णाची चाचणी एकाच किटवर होऊ शकते, पण प्रश्न वेगळा असतो. रक्तपेढी विचारते, ‘ही पिशवी देण्याजोगी आहे का?’ म्हणून एचआयव्हीसाठी एकच अतिसंवेदनशील चाचणी, आणि ती रिअॅक्टिव्ह आली की पिशवी बाद. डॉक्टर विचारतात, ‘या माणसाला संसर्ग आहे का?’ त्याला एक चाचणी कधीच पुरत नाही.

हिशोब करून पाहा. दहा हजार दाते, त्यातले २० खरोखर संसर्ग असलेले, असं धरू. चाचणी एकही खरा संसर्ग सोडत नाही, पण निरोगी लोकांपैकी ०.५ टक्क्यांना चुकून रिअॅक्टिव्ह दाखवते. निरोगी ९,९८० पैकी जवळपास ५० जण विनाकारण रिअॅक्टिव्ह येतील. एकूण ७० रिअॅक्टिव्ह, त्यातले खरे २०. म्हणजे रिअॅक्टिव्ह आलेल्या दर सात जणांपैकी पाच जण निरोगी. इतकी चांगली चाचणी असूनही हे होतं, कारण दात्यांमध्ये संसर्गच कमी असतो.

म्हणूनच दात्याला फोनवर किंवा घरच्यांकडे निरोप देऊन निकाल सांगायचा नाही. त्याला बोलवायचं, एकांतात बसवून समजावायचं आणि एचआयव्हीसाठी शासकीय रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात पाठवायचं. तिथे लक्षणं नसलेल्या माणसाचं निदान वेगवेगळ्या तत्त्वांच्या किंवा वेगवेगळ्या अँटिजेनच्या तीन चाचण्यांनंतरच होतं, आणि ते मोफत. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली आहे. हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी रिअॅक्टिव्ह आली तर पुढची पायरी विषाणूच्या आरएनएची चाचणी, कारण संसर्ग बरा झालेल्यांमध्येही अँटिबॉडी राहते. आरएनए सापडला तर २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात औषधं मोफत मिळतात, आणि बहुतेक रुग्ण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात. हिपॅटायटिस बीची लस नुकतीच घेतलेल्यांमध्ये काही दिवस एचबीएसएजी रिअॅक्टिव्ह येऊ शकतं, म्हणून लसीची तारीख विचारा.

सिफिलिस आणि मलेरिया

आरपीआर कार्डवरच्या १८ मिलिमीटरच्या गोलात ५० मायक्रोलिटर सीरम पसरवा, अँटिजेनची बाटली हलवून किटच्या सुईने एक थेंब टाका आणि कार्ड रोटेटरवर मिनिटाला १०० फेऱ्यांनी ८ मिनिटं फिरवा. ओलं असतानाच, चांगल्या उजेडात वाचा. काळ्या कणांचे पुंजके दिसले तर रिअॅक्टिव्ह. आठाऐवजी बारा मिनिटं फिरवलं की कडा सुकतात आणि खोटे पुंजके दिसतात. थंड खोलीत उलट, प्रतिक्रिया कमी पडते, म्हणून २३ ते २९ अंश तापमान ठेवा. अँटिबॉडी खूपच जास्त असेल तर पुंजके होत नाहीत, फक्त खरबरीतपणा दिसतो. असा नमुना पातळ करून पुन्हा लावा. गरोदरपण, मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस यांत ही चाचणी सिफिलिस नसतानाही रिअॅक्टिव्ह येते, त्यामुळे माणसाच्या निदानासाठी टीपीएचए ही सिफिलिसची नेमकी चाचणी हवी.

मलेरियासाठी ईडीटीए रक्ताचा जाड आणि पातळ लेप. पातळ लेप मिथेनॉलमध्ये स्थिर करायचा, जाड लेप नाही. जाड लेपातल्या तांबड्या पेशी फुटल्या तरच परजीवी मोकळे दिसतात. जाड लेपाची किमान शंभर क्षेत्रं पाहावीत. मोठ्या संख्येला रॅपिड कार्ड सोयीचं असतं, पण परजीवी अगदी थोडे असलेला, ताप नसलेला दाता दोन्ही पद्धतींतून सुटू शकतो. त्यामुळे मलेरिया पूर्ण बरा झाल्यावर तीन महिने दान नाही, हा नियम तपासणीइतकाच महत्त्वाचा.

जे दिसत नाही

संसर्ग झाल्यापासून चाचणीला तो दिसेपर्यंतच्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. एचआयव्हीची अँटिबॉडी दिसायला साधारण तीन आठवडे, चौथ्या पिढीच्या किटला दोन आठवड्यांहून थोडे जास्त, नॅट चाचणीला दहा-अकरा दिवस. हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी दिसायला दोन महिने लागतात, नॅटला आठवडा-दीड आठवडा. नॅट म्हणजे विषाणूच्या जनुकद्रव्याचाच शोध. तिला ईडीटीए प्लाझ्मा लागतो, हेपारिनची नळी चालत नाही, आणि नमुना तयार करण्याची खोली व प्रत काढण्याची खोली वेगळ्या ठेवाव्या लागतात. देशात ती सक्तीची नाही, आणि प्रत्येक पिशवीचा खर्च तिने बराच वाढतो. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षं रक्त लागतं. त्यांच्यासाठी तरी नॅट झालेली पिशवी मिळावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

नॅट झाली तरी विंडो पिरियड शून्य होत नाही. म्हणून दात्याला फॉर्मवरचे प्रश्न घाईत, रांगेत, मित्रांसमोर विचारायचे नाहीत. स्वतःची एचआयव्ही तपासणी फुकट होईल म्हणून कुणी रक्त द्यायला आला असेल तर त्याला तेव्हाच आयसीटीसीचा पत्ता द्या. त्याचा धोका ताजा असेल तर त्याची पिशवी निर्दोष दिसेल आणि कुणाच्या तरी शरीरात जाईल.

पिशवी सोडताना आणि बाद करताना

प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. रविवारी शिबिर झालं की सोमवारी सकाळपासून डेंग्यूच्या रुग्णांसाठी फोन सुरू होतात. तरीही अर्ध्या निकालांवर पिशवी सोडायची नाही. पाचही निकाल एकाने वाचायचे, दुसऱ्याने मूळ यंत्राच्या छापील कागदाशी ताडायचे, आणि मगच लेबल. हाताने उतरवलेल्या आकड्यावर विसंबायचं नाही. रिअॅक्टिव्ह पिशवीसोबत तिचे सगळे घटक शोधा : लाल पेशी एका फ्रिजमध्ये, प्लाझ्मा उणे ३० च्या फ्रीजरमध्ये, प्लेटलेट अजिटेटरवर (सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर). प्लाझ्मा विसरला जातो, कारण तो वर्षभर तिथेच राहू शकतो. सगळे घटक कुलूपबंद जागी नेऊन, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना निर्जंतुक करून, पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्याच्या केंद्राकडे जातात. नोंद दोघांच्या सहीने.

नेहमीचा दाता यावेळी रिअॅक्टिव्ह आला आणि निदान पक्कं झालं, तर काम मागे वळतं. मागच्या दानाची तारीख काढायची, ती पिशवी आणि तिचे घटक कुठल्या रुग्णालयात गेले ते शोधायचं आणि तिथल्या डॉक्टरांना लेखी कळवून त्या रुग्णांची तपासणी करून घ्यायची. शिल्लक घटक असेल तर तो त्याच दिवशी अडवायचा. दाते आणि रुग्णांचे नमुने रुग्णाला रक्त चढवल्यानंतर किमान सात दिवस २ ते ८ अंशांना जपून ठेवायचे असतात. त्या मुदतीत प्रश्न उभा राहिला तर मूळ नळी पुन्हा लावता येते. नंतर हातात उरतात ते फक्त रजिस्टरमधले नंबर, आणि ते वाचता येण्याजोग्या अक्षरात लिहिलेले असावे लागतात.